चुलीचा पंडित : काउंट रम्फर्ड

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. या वर्षी ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे दिले. मी सातवीपर्यंत शिकलेली. हाताला लेखणीपेक्षा लाटण्याची सवय जास्त. तेव्हा भगिनींनी चुकभूल पदरात घ्यावी. जिजाबाई, अहिल्याबाई, जानकीदेवी यांच्यावर याआधी आपल्यापैकी पुष्कळजणींनी चांगले लिहिले आहे. मी ज्याच्याविषयी लिहिणार तो पुरुष आहे, परदेशी आहे, आणि त्याला मरून दोनशेहून अधिक वर्षे झाली. शिवाय तो माणूस म्हणून फार चांगला होता असेही नाही. तरी त्याचेच चरित्र मी का घेतले, हे आधी सांगावे लागेल.

गेल्या वर्धापनदिनी बालवाडीच्या मुलांसाठी सशाच्या आकाराचा केक मी केला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. विसरला असल्यास बरेच. साचा नवा, काळ्या रंगाचा, कान लांब आणि चिंचोळे, पोट खोल वाटीसारखे. ओव्हन चांगला कडक तापवला, वरून लाली आली, घरभर वास सुटला, म्हणून मी तो बाहेर काढला. मंचावर पाहुण्याबाईंनी सुरी लावली. सशाचे कान कोळसा झालेले, आणि सुरी पोटात गेली तशी आतले कच्चे मिश्रण ताटात ओघळले. एका पोराने मोठ्याने जाहीर केले की ससा आजारी आहे. सगळे हसले, मीही हसले. पण मैदा, साखर, तूप हे सर्व मंडळाच्या वर्गणीतून आलेले होते आणि सत्तर पोरे रिकाम्या बशा घेऊन बसली होती. त्यांना शेवटी बिस्किटाचे पुडे फोडून द्यावे लागले. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या जाऊबाईंचा मुलगा विज्ञान शिकलेला आहे. त्याला मी विचारले की एकाच भांड्यात, एकाच आचेवर, एका वेळी अर्धे जळते आणि अर्धे कच्चे राहते, हे कसे. तो म्हणाला की काकू, हा प्रश्न विचारणारा एक मोठा मनुष्य होऊन गेला, त्याची गोष्ट मी तुम्हाला सांगतो. मग पंधरा-वीस दिवस संध्याकाळी तो इंग्रजी पुस्तकांतून वाचून मला मराठीत सांगत असे आणि मी वहीत टिपून घेत असे. त्या वहीवरून हे लिहिते आहे.

त्या मनुष्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्सन. अमेरिकेत मॅसाच्युसेट्स प्रांतात वोबर्न नावाचे गाव आहे, तेथे एका शेतकऱ्याच्या घरी २६ मार्च १७५३ रोजी त्याचा जन्म झाला. तेव्हा तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता. मूल दोन वर्षांचे व्हायच्या आत वडील वारले. आईने दुसरे लग्न केले. तेरा वर्षांचा झाल्यावर त्याला सेलम या बंदराच्या गावी एका व्यापाऱ्याच्या दुकानी उमेदवारीला ठेवले. दुकानात त्याचे लक्ष नसे. कसल्याशा आनंदोत्सवासाठी दारूकाम तयार करताना स्फोट होऊन तो चांगलाच भाजला. आच म्हणजे काय, याचा पहिला धडा त्याला अंगावरच मिळाला म्हणावयाचा. पुढे बाल्डविन नावाच्या मित्राबरोबर तो हार्वर्डच्या विद्यालयात पदार्थविज्ञानाची व्याख्याने ऐकावयास गावाहून पायी जाई. फी भरून शिकणारा विद्यार्थी तो नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी काँकर्ड या गावी तो शिक्षक म्हणून गेला. त्या गावाचे जुने नाव रम्फर्ड. तेथे सारा रोल्फ नावाची एक श्रीमंत विधवा होती. ती त्याच्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठी. १७७२ साली दोघांचे लग्न झाले. मास्तर एका दिवसात जमीनदार झाले. ऑक्टोबर १७७४ मध्ये त्यांना मुलगी झाली, तिचेही नाव साराच ठेवले. लाडाने तिला सॅली म्हणत.

आता येथून पुढचे वाचून मला फार राग आला होता, आणि चरित्र सोडून द्यावे असेही वाटले. अमेरिकेतील लोक इंग्रज राजाविरुद्ध उठले होते. थॉम्सन राजाच्या बाजूचा. गावकऱ्यांना त्याचा संशय आला, जमाव घरावर चालून येणार असे कळताच तो घर सोडून पळाला. पदरात दोन-अडीच महिन्यांची पोर असलेल्या बायकोला त्याने मागे ठेवले. नुसते पळणे असते तर भीतीपोटी पळाला असे म्हणता आले असते. पण तो इंग्रजांना गुप्त शाईने पत्रे लिहून आपल्याच शेजाऱ्यांची खबर देत होता, हे पुष्कळ वर्षांनी कागदपत्रांवरून उघड झाले. १७७६ साली तो जहाजात बसून लंडनला गेला. बायकोची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. ती १७९२ साली वारली.

लंडनला त्याचे नशीब उघडले. देखणा, बोलका, हिशेबाला पक्का. एका मंत्र्याच्या कचेरीत त्याचे चांगले बस्तान बसले. त्याचबरोबर बंदुकीच्या दारूवर त्याने प्रयोग केले आणि १७७९ मध्ये रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेचा तो सभासद झाला.

पुढे काही काळ तो सैन्य घेऊन पुन्हा अमेरिकेस गेला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाँग आयलंड बेटावर हंटिंग्टन गावी त्याच्या पलटणीचा तळ होता. त्याने तेथील स्मशानभूमीतच किल्ला बांधला. त्या गावी अशी गोष्ट सांगतात की सैनिकांनी कबरींचे दगड उपटून त्यांच्या पावभट्ट्या केल्या, आणि त्या भट्टीतून निघालेल्या पावाच्या बुडावर मेलेल्या माणसांची नावे उलट्या अक्षरांत उठलेली असत. आपण सशाचा, फुलपाखराचा साचा म्हणून कौतुक करतो, पण पावाला असाही साचा लाभलेला आहे. ज्यांचे आईबाप त्या दगडांखाली होते, त्या गावकऱ्यांना तो पाव पाहून काय वाटले असेल!

युद्ध संपल्यावर तो युरोपात गेला. जर्मन भाषा बोलणाऱ्या बव्हेरिया राज्याच्या राजाने त्याला नोकरीस ठेवले. इंग्लंडच्या राजाने १७८४ मध्ये त्याला सर हा किताब देऊन निरोप दिला. राजधानी म्युनिक. तेथे त्याची चौदा वर्षे गेली, आणि ज्याच्यामुळे त्याचे नाव आपण घ्यावे असे काम तेथेच झाले.

म्युनिकमध्ये भिकाऱ्यांचा सुळसुळाट होता. १ जानेवारी १७९० रोजी, म्हणजे भीक घालण्याच्या सणाच्या दिवशी, त्याने सैनिक आणि शहरातील अधिकारी बरोबर घेऊन स्वतः पहिल्या भिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका आठवड्यात अडीच हजारांच्यावर लोकांची नोंद झाली. त्यांच्यासाठी त्याने उद्योगगृह काढले. स्वच्छ, उबदार जागा, सूतकताई, विणकाम, शिवणकाम. सैन्याचे कपडे तेथे शिवले जात. सैनिक लावून गरिबाला धरणे हे मला बरे वाटत नाही. पण धरून तुरुंगात न टाकता जेवावयास घातले, हेही खरे.

आणि जेवू घालताना त्याला चुलीचा प्रश्न पडला. रोज हजाराच्या वर माणसांचा स्वयंपाक, सरपण महाग. त्याने स्वयंपाकघरात उभे राहून पाहिले. राजेरजवाड्यांच्या घरीसुद्धा उघड्या जाळावर भांडी टांगलेली असत. जाळ इतका की स्वयंपाकीण होरपळून निघे, आणि त्यातली थोडीशीच आच भांड्याला लागे. बाकीची धुराड्यातून आभाळात. त्याने विटांचा बंद ओटा बांधला. प्रत्येक भांड्यासाठी खाली वेगळी छोटी शेगडी, भांडे ओट्यात गळ्यापर्यंत बसलेले, हवा आत येण्याला आणि धूर बाहेर जाण्याला झाकणी. झाकणी सरकवली की जाळ कमी-जास्त होई. आज आपण गॅसचे बटन फिरवितो, त्याचे मूळ त्या झाकणीत आहे. त्याच्या मोठ्या स्वयंपाकघरात अगदी थोड्या सरपणात हजार माणसांचे रांधून होई, आणि मोजक्या बायकांना ते आटोपत असे.

हे ऐकताना मला आपली मगनवाडी आठवली. वर्ध्याला १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालालजींनी त्याला जागा दिली, कुमारप्पांनी तेथे संसार मांडल्यासारखे काम केले. तेथला मगन चुल्हा आपल्यापैकी पुष्कळजणींच्या आजी-आईने वापरलेला आहे. बंद मातीची चूल, एका जाळावर भांड्यांसाठी भोके, मागे धुराडे. आमच्या सासूबाई सांगत की त्या आधी पावसाळ्यात ओल्या काटक्या फुंकून संध्याकाळपर्यंत डोळे लाल होत. म्युनिकचा ओटा आणि मगनवाडीची चूल यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी दोन्ही एकाच गोष्टीवर बेतलेल्या आहेत : जाळ कोंडा, आच भांड्याला लागू द्या, धूर बाहेर काढा.

उद्योगगृहातले जेवण म्हणजे सूप. जव, वाटाणे, बटाटे, आंबटपणासाठी शिरका, मीठ आणि वरून शिळ्या पावाचे तुकडे. पाव मुद्दाम कोरडा घालावयाचा, म्हणजे चावावा लागतो आणि खाण्याचे सुख लांबते, असे त्याचे मत. तेथील लोकांना तेव्हा बटाट्याचा तिटकारा होता. म्हणून आधी आधी बटाटे चोरून आत आणीत आणि ओळखू येऊ नयेत इतके शिजवून विरघळवीत. आपणही पोरांना दुधीभोपळा असाच खाऊ घालतो. पुढे युरोपातल्या पुष्कळ शहरांतील गरिबांच्या अन्नछत्रांत हे सूप गेले. राजाने त्याला काउंट ही पदवी दिली, तेव्हा त्याने नाव घेतले रम्फर्ड, म्हणजे ज्या गावातून तो पळून आला होता त्याचेच. असे का केले असेल, यावर मी पुष्कळ विचार केला.

आता केकाकडे वळते.

काउंटसाहेबांना शिजवलेली सफरचंदे आवडत. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली की त्याच वेळी उतरवलेले पाणी किंवा पातळ सूप लवकर निवते, पण सफरचंदाचा मुरंब्यासारखा गर वरून निवला तरी आत जीभ भाजेल इतका कढत राहतो. आपल्याकडे सांज्याच्या बाबतीत, गरम पुरणाच्या बाबतीत हे प्रत्येकीने अनुभवले आहे. आपण फुंकर मारतो आणि विसरतो. ते विसरले नाहीत. पुढे एकदा इटलीत बाइया नावाच्या समुद्रकिनारी त्यांनी पाण्यात हात घातला, पाणी थंडगार, पण खालच्या वाळूत बोटे रुतविताच चटका बसला. आणि एकदा खिडकीत निवत ठेवलेल्या मोठ्या तापमापकातील पातळ द्रवात धुळीचे कण वरखाली धावताना त्यांना दिसले. मधून वर चढत, कडेने खाली उतरत. तेव्हा उलगडा झाला. पातळ पदार्थ तापतो तो फिरून फिरून तापतो. खालचे गरम झालेले वर जाते, वरचे थंड खाली येते. ज्याला फिरता येत नाही, त्याच्यात आच मुंगीच्या पावलाने शिरते. त्यांनी पाण्यात खळ घालून घट्ट केले, पिसांचा कापूस घातला, शिजलेल्या सफरचंदावर तापमापक लावून पाहिला, आणि प्रत्येक वेळी घट्ट पदार्थाला तापावयास जास्त वेळ लागला. हे त्यांनी १७९७ च्या सुमारास लिहून काढले. पातळ पदार्थ फिरल्याशिवाय आच मुळीच पुढे नेत नाहीत, असेही ते म्हणून बसले. ते तेवढे चुकीचे होते, थोडी नेतात.

केकाचे मिश्रण हा असा न फिरणारा पदार्थ आहे. त्यात हवेचे बुडबुडे, म्हणजे जणू दुलईच. साच्याच्या भिंतीला लागलेले आधी शिजते, मग आच एकेक थर ओलांडीत आत जाते. सशाच्या कानाला दोन्ही बाजूंनी भिंत, मधे बोटभर मिश्रण. ते दहा-पंधरा मिनिटांत होते. पोटाला आच पोहोचायला पाऊण तास. मी ओव्हन कडक तापवून काय केले, तर कानांना जाळले, आणि पोटाच्या वर लवकर कवच आणून मला स्वतःला फसविले.

आपले रोडगे आठवा. गोवऱ्यांचा जाळ असताना रोडगा आत टाकला तर वरून काळा आणि आत पीठ. म्हणून जुन्या बायका आर पडेपर्यंत थांबतात, राखेत पुरतात आणि अर्धवट झाल्यावर फिरवून घेतात. मी हे लहानपणापासून पाहिले, स्वतः केले, आणि ओव्हनपुढे उभी राहिल्यावर विसरले. यंत्र आले की अक्कल गहाण पडते, ती अशी.

मंद आचेची गंमत काउंटसाहेबांना चुकून कळली. बटाटे वाळविण्यासाठी केलेल्या एका यंत्रात त्यांनी मांसाचा मोठा तुकडा ठेवून पाहिला. आच इतकी मंद की काही तासांत होण्याचे लक्षण दिसेना. रात्र झाली. स्वयंपाकिणींनी तो तसाच आत राहू दिला आणि त्या झोपावयास गेल्या. सकाळी पाहतात तो तुकडा आतबाहेर सारखा शिजलेला आणि कमालीचा मऊ.

पुढे त्यांनी एक भट्टी तयार केली, तिला रम्फर्डची भट्टी म्हणतात. लोखंडी पत्र्याचे आडवे नळकांडे, सुमारे दीड फूट व्यासाचे, दोन फूट लांब, विटांच्या ओट्यात बसविलेले. जाळ खाली वेगळा, त्याच्या ज्वाळा नळकांड्याला सर्व बाजूंनी वळसा घालून धुराड्यात जात. धूर अन्नाला लागत नसे. आत हवा येण्यासाठी बुडाशी दोन नळ्या, त्या जाळातूनच नेलेल्या, आणि वरून वाफ बाहेर जाण्यास एक नळी. सुरुवातीला नळ्या बंद ठेवून पदार्थ आतून शिजू द्यावयाचा, आणि शेवटी नळ्या उघडल्या की कोरडी कढत हवा पदार्थावरून वाहे आणि रंग चढे. आधी शिजविणे आणि मग लाली, ही दोन कामे वेगळी आहेत, हे त्यांनी ओळखले. मी ती दोन्ही एकाच दमात उरकावयास गेले होते. हल्लीच्या काही ओव्हनमध्ये पंखा असतो, तो आतली हवा अशीच फिरवितो.

या भट्टीचा वा आपल्या धुराड्याचा मक्ता काउंटसाहेबांनी घेतला नाही. ज्याला हवे त्याने बांधावे अशी मोकळीक दिली. मला वाटते, पळून आलेल्या मनुष्याच्या जमेला ही एक मोठी रक्कम आहे.

आच म्हणजे काय, याचा छडा लावण्याचेही त्यांच्या मनात होते. त्या वेळचे विद्वान समजत की उष्णता हा एक अदृश्य रस असून तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो. म्युनिकच्या तोफखान्यात पितळी तोफेला भोक पाडताना ती भयंकर तापते, हे काउंटसाहेबांनी पाहिले. त्यांनी बोथट हत्यार लावले, तोफेभोवती पाण्याची पेटी बसविली आणि घोड्यांकडून यंत्र फिरविले. अडीच तासांनी ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. पाहणारे आश्चर्याने थक्क झाले. घासत राहावे तोवर आच निघत राहते, संपत नाही. मग ती साठविलेला रस कशी असेल? ती हालचाल आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि १७९८ मध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला. माझ्या पुतण्याच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. मी जाते ओढलेली बाई. दळून झाल्यावर पीठ हाताला गरम लागते, एवढे मला कळते.

आणखी एक शोध माझ्या उपयोगाचा निघाला. १८०४ च्या सुमारास त्यांनी एकसारखी पितळी भांडी घेतली, काही घासून लखलखीत ठेवली, काही काजळी धरून काळी केली, आणि सर्वांत गरम पाणी भरले. काळे भांडे लवकर निवले, लखलखीत भांडे उशिरा. काळे जसे आच लवकर टाकते, तसे लवकर घेतेही. म्हणजे माझा काळा साचा दुप्पट घातकी होता. हा सिद्धान्त त्यांच्या डोक्यात इतका भिनला की म्हातारपणी पॅरिसच्या कडक थंडीत ते पांढरी टोपी आणि पांढरा कोट घालून हिंडत, कारण पांढऱ्या कपड्यातून अंगाची ऊब कमी जाईल असा त्यांचा हिशेब. लोक वळून पाहत.

१७९९ मध्ये त्यांनी लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापण्यात पुढाकार घेतला. कारागिरांना आणि सामान्य लोकांना विज्ञान समजावे हा हेतू. हम्फ्री डेव्ही या तरुणाला तेथे त्यांनीच आणले. परंतु त्यांचे कोणाशी फार दिवस पटत नसे. तेथेही बिनसले आणि ते पॅरिसला गेले.

पॅरिसला त्यांनी दुसरे लग्न केले, ते मारी लव्हॉझिए या विदुषीशी. तिचा पहिला पती थोर रसायनशास्त्रज्ञ होता. फ्रान्सच्या क्रांतीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला. नवऱ्याच्या प्रयोगांच्या आकृत्या ती काढी, टिपणे ठेवी, इंग्रजी पुस्तकांची भाषांतरे करी. १८०५ मध्ये हे लग्न झाले आणि लगेच भांडणे सुरू झाली. तिला माणसांचा राबता हवा, यांना शांतता हवी. एकदा तिने पाहुणे बोलाविले, तर यांनी फाटकाला कुलूप लावून किल्ली काढून घेतली. ती भिंतीच्या आडून पाहुण्यांशी बोलली, आणि परत येऊन यांच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. बिचाऱ्या झाडांचा काय अपराध? पण दारातून परत गेलेल्या पाहुण्यांची लाज गृहिणीलाच वाटते, हे मी गेल्या वर्षी शिकले आहे, म्हणून तिलाही सर्वस्वी दोष देववत नाही. १८०९ साली दोघे वेगळे झाले. गावोगावच्या चुली दुरुस्त केल्या, पण घरची चूल दोन्ही वेळा विझली. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळ ओतय या गावी ताप येऊन ते वारले.

मृत्युपत्रात त्यांनी हार्वर्डला एका प्राध्यापकाच्या नेमणुकीसाठी पैसा ठेवला. लहानपणी जेथे फुकट व्याख्याने ऐकली, तेच हे विद्यालय. त्या जागेवर पुढे हॉर्सफर्ड नावाचे रसायनशास्त्रज्ञ आले. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेकिंग पावडरचा नवा प्रकार काढला आणि कारखान्याला रम्फर्डचे नाव दिले. त्या नावाची बेकिंग पावडर अमेरिकेत अजून विकली जाते. म्हणजे ज्याने केक का कच्चा राहतो ते सांगितले, त्याचेच नाव केक फुगविणाऱ्या डबीवर गेले.

येथे एका महिला मंडळाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, ती काउंटसाहेबांच्या नंतरची आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत मिनिआपोलिस शहरी ज्यू स्त्रियांच्या एका मंडळाच्या सभासद डेव्हिड डॅल्क्विस्ट नावाच्या भांडी करणाऱ्याकडे गेल्या. त्यांच्या आज्यांकडे युरोपात कंगोऱ्यांचा, मधे पोकळ नळी असलेला जड साचा असे. तसा ॲल्युमिनियमचा करून द्या अशी त्यांनी मागणी केली. त्याने तो ओतून दिला आणि नाव ठेवले बंड्ट. सुरुवातीला खप बेताचा होता. १९६६ च्या एका मोठ्या पाककृती स्पर्धेत त्या साच्यातील केकाला दुसरे बक्षीस मिळाले, आणि मग घरोघरी तो साचा गेला. मधली नळी शोभेची नाही. आच पोटात नेण्याचा तो रस्ता आहे. चार बायकांनी हट्ट धरला नसता तर तो आज्यांबरोबरच गेला असता.

हे सर्व वहीत लिहून झाल्यावर मी तोच काळा साचा पुन्हा बाहेर काढला. चार वेळा केक करून पाहिला, त्यांतले दोन बिघडले. जे जमले ते असे. साच्याला कानाकोपऱ्यांत बोटाने तूप लावून मैदा भुरभुरवावा, कोपरे सुटले तर कान साच्यातच राहतात. मिश्रण दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि चमच्याने ते कानांकडे थोडे जास्त, मधे थोडे कमी असे सारावे, कारण मधला भाग शेवटपर्यंत फुगत राहतो. ओव्हन १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवावा आणि वेळ वाढवावा. जुन्या सुती धोतराची पट्टी ओली करून, पिळून साच्याच्या बाहेरून कानांभोवती गुंडाळावी. पाणी असेपर्यंत तेथली कड फार तापत नाही. पट्टी कांबीला लागू देऊ नये आणि ती सुकते आहे का हे पाहत राहावे. अर्धा वेळ झाल्यावर साचा फिरवून ठेवावा, त्याच्या आधी दार उघडू नये, माझा एक केक त्यामुळेच बसला. कानांना रंग आला की त्यांच्यावर चकचकीत पत्री झाकावी. आणि पोटाच्या मधोमध स्टीलची एक लहान उभट वाटी, आतबाहेर तूप लावून, सरळ ठेवावी आणि तिच्यातही मिश्रण भरावे. तिच्या भिंतीतून आच पोटात उतरते. केक झाल्यावर वाटी अलगद फिरवून काढावी, तिच्यातला केक काढून त्याच भोकात बसवावा. वरून साखरेचा लेप दिला की काही कळत नाही. झाला की नाही हे पोटातच सुई घालून पाहावे, कानात घालून उपयोग नाही. आपल्यातल्या पुष्कळजणी अंडे खात नाहीत, तर दही आणि खायचा सोडा घालून केलेल्या केकालाही हेच लागू पडते, फक्त तो थोडा जड असल्याने आणखी दहा मिनिटे लागतात.

त्या सॅलीचे काय झाले हे राहिले. बाप पळाला तेव्हा पाळण्यात असलेली ती मुलगी एकवीस वर्षांची होऊन १७९६ मध्ये बापाला भेटावयास लंडनला आली. नंतर ती त्याच्याबरोबर म्युनिकलाही राहिली, कधी पटले, कधी पटले नाही. तिला काउंटेस ही पदवी मिळाली. तिने लग्न केले नाही. शेवटी ती काँकर्डला, ज्या घरातून बाप पळाला होता त्याच घरी परत आली आणि १८५२ साली तेथेच वारली. ते घर आणि पुष्कळ पैसा तिने गावातल्या आई नसलेल्या गरीब मुलींच्या आश्रमासाठी ठेवला.

सशाचा साचा मंडळाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवला आहे. लागेल तिने चिटणीसबाईंना सांगून न्यावा. त्याच्यासोबतची लहान वाटी त्याचीच आहे, ती चहासाखरेला घेऊ नये.